चकती नको, फोड द्या

माणसं देवाला भितात, सापाला भितात, काही जण बायकोलाही भितात. आमच्या वन्सं यांतल्या कशालाच भीत नाहीत. त्या भितात फक्त हॉटेलातल्या ग्लासच्या काठावर खोचलेल्या लिंबाच्या चकतीला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. रत्नागिरीकडून नोकरीसाठी सिल्वासाला आल्या, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला, लग्न केलं नाही आणि आता आमच्याच बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर राहतात. आम्ही बाहेर जेवायला निघालो की त्या जिन्याच्या पायथ्याशी तयार असतात आणि तिथपासूनच माझं डोकं दुखायला लागतं.

नरोली रोडवरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात नंदुरबारकडचा एक वेटर आहे. तो सोडा घेऊन आला की वन्संची उलटतपासणी सुरू. चकती कोणी कापली, कधी कापली, लिंबू धुतलं होतं का. तो बिचारा म्हणतो, "मॅडम, अंदरसे कापून येतं. मी फक्त ठेवतो." त्यावर वन्सं अगदी शांतपणे विचारतात, "कुठल्या बोटांनी ठेवतोस?" तो आपल्या बोटांकडे पाहत राहतो आणि मी टेबलाखाली शिरायला जागा शोधते. चकती स्वच्छ निघाली तरी सुटका नाही, कारण ती सोयीचीही नसते. "चकती पिळता येते का कुणाला? रस कोपरापर्यंत, बी पोटात. फोड द्यावी, फोड." त्यांच्या पर्समध्ये एक स्टीलची डबी असते. तिच्यात घरून धुऊन पुसून आणलेलं लिंबू आणि छोटी सुरी. एकदा शेजारच्या टेबलावरचे एक गुजराती गृहस्थ चकती पिळणार, तेवढ्यात वन्संनी "भाई, रहेवा दो" म्हणत त्यांच्यापुढे आपली फोड धरली. त्यांना वाटलं, बाई लिंबं विकतात. त्यांनी किलोचा भाव विचारला. परत येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड फिरवून बसले, आणि वन्संच्या ते लक्षातही आलं नाही.

म्हणून आमच्या लेकीला, वृंदाला पाहायला ठाण्याची मंडळी यायची ठरली आणि ह्यांनी त्याच हॉटेलात टेबल सांगितलं, तेव्हा मी खाली जाऊन वन्संना बजावलं, "आज लिंबाचा विषय नको. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या.

आणि खरंच बोलल्या नाहीत. ग्लास आले, प्रत्येकावर चकती. मुलाच्या वडिलांनी तर आपली चकती सालीसकट चावून खाल्ली. वन्संनी डोळे मिटून घेतले, पण तोंडही मिटलेलंच ठेवलं. मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मुलाने मोठ्या प्रेमाने आईच्या ग्लासात चकती पिळायला घेतली. ती बोटांतून सटकली आणि रसाची चिळकांडी थेट त्या माउलीच्या डोळ्यात गेली.

त्या कळवळल्या. मुलगा "सॉरी, सॉरी" करत राहिला, वडील रुमाल शोधायला लागले. वन्सं केव्हा उठल्या ते मला कळलंच नाही. "चोळू नका. मान मागे टाका. मी नर्स आहे," असं म्हणत त्यांनी पाण्याची सीलबंद बाटली फोडली, दोन बोटांनी पापणी उघडी धरली आणि बाटली संपेपर्यंत हळूहळू धार सोडली. मी इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. वॉर्डातला असावा. डोळा निवल्यावरही त्या बाईंनी वन्संचा हात सोडला नाही. बोलणी तशीच, हातात हात धरून झाली आणि लग्न ठरलं.

घरी येताना वन्सं मात्र आपल्या हातांकडेच पाहत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, त्या डोळ्याला हात लावला तेव्हा मी हात धुतले नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ठाण्याला फोन लावला. डोळा लाल झाला का, चिकटतो का, उजेड सहन होतो का. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मला लाजेने मेल्यासारखं झालं. होणाऱ्या सासरी कोणी रोज असं हजेरी घेतं का? आठव्या दिवशी मी हात जोडले, "वन्सं, पुरे आता. डोळा बरा आहे त्यांचा." त्यांनी मान डोलावली.

नवव्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे वाटीभर आमटी घेऊन गेले होते. त्यांचा फोन वाजला. ठाण्याच्या विहीणबाई होत्या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, आज तुमचा फोन नाही आला. तुम्ही बऱ्या आहात ना?"

जन्मभर वन्संनीच सगळ्यांना हे विचारलं होतं. त्यांना कोणी विचारल्याचं मला आठवेना. मी, खालीवर रोज चार खेपा घालणारी, मीही कधी विचारलं नव्हतं.

"मी बरी आहे," वन्सं म्हणाल्या. मग फोन तसाच कानाशी धरून खाटेवर बसल्या आणि जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "गुडघा दुखतो थोडा."

मी आमटी झाकून ठेवली आणि दार ओढून घेऊन वर आले.