उन्हात राहिलेले मणी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा आईने बोंबील वाळत घालता घालता सगळ्या आळीला ती बातमी सांगितली. मी सालवडला खोली घेतली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझी सीनियर राहायची, एकटीच. तिची आई नाशिककडे भावाजवळ असायची. पहिल्या आठवड्यात मी तिला ‘अहो ताई’ म्हणाले, तर ती हसून म्हणाली, “अहो काय गं? सासू आहे का मी तुझी?” तेव्हापासून आम्ही तिच्याच स्कूटरवरून कामाला जाऊ लागलो. डबाही एकत्रच उघडायचा.

मण्यांचं यंत्र मला तिनेच शिकवलं. एका कुपीत थोडंसं गढूळ पाणी दिसत होतं. ती म्हणाली, “यात लाखो मणी आहेत. डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक. प्रत्येक जातीच्या मण्यात लाल रंगाची वेगळी छटा भरलीय. एका छटेच्या मण्यांवर एका प्रथिनाला पकडणारी अँटीबॉडी, दुसऱ्या छटेवर दुसऱ्याला पकडणारी.”

“आणि सगळे एकाच थेंबात?”

“तीच तर गंमत आहे. रक्तातलं पाणी त्यात घातलं की ज्याचं त्याला चिकटतं. मग वरून चमकणारा रंग लावायचा. यंत्रात मणी एकामागून एक जातात. एक लेझर विचारतो, तू कुठला? दुसरा विचारतो, तुझ्यावर किती चमक आहे? झालं. एका थेंबातून दहा-वीस गोष्टी एकदम कळतात.”

ती हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. मला ती फार आवडायची, हे आज लिहितानाही खोटं वाटत नाही.

एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा बजावायची. मणी उजेडात ठेवायचे नाहीत. उजेडाने आतला रंग उडतो, मग यंत्राला मणी ओळखता येत नाही आणि न ओळखलेला मणी ते मोजतच नाही. म्हणून कुपी काळ्या डबीत असायची आणि मणी-नमुने ज्या खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये मिसळायचे, तिच्यावर कायम चांदीचा कागद.

एका नव्या औषधाच्या चाचणीतले रुग्णांचे नमुने आमच्याकडे आले होते. प्रत्येक नमुना थेंबभरच, दुसऱ्यांदा करायला काही उरणार नव्हतं. एरवी कुपी उघडणं माझं काम. त्या दिवशी मी गोठवलेले नमुने वितळवण्यात गुंतले होते, म्हणून ती ताईने काढली. तेवढ्यात तिला फोन आला. बोलत बोलत ती बाहेर व्हरांड्यात गेली. मी नमुने घेऊन आले, तर कुपी डबीबाहेर, खिडकीपाशी, थेट उन्हात उभी होती. मी ती झटकन डबीत घातली आणि ताई आल्याबरोबर सांगितलं.

“ताई, मण्यांवर ऊन आलं होतं. नवी कुपी घेऊया का?”

“नवी यायला आठवडा लागेल. काही होत नाही गं तेवढ्याने. चल, उशीर होतोय.”

शिकवणारी तीच, म्हणून मी तिचं ऐकलं आणि कामाला लागले. दुपारी प्लेट यंत्रात गेली. पडद्यावर प्रत्येक जातीच्या मण्यांचे ठिपके आपापल्या चौकटीत गोळा व्हायला हवेत. ते चौकटीबाहेर घसरत होते. खळग्यामागून खळगे जात होते आणि मोजलेले मणी मूठभरसुद्धा होत नव्हते. नमुने संपले. ताई खुर्चीत बसून राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू घरी जा. साहेबांशी मी बोलते.”

दुसऱ्या सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ताई आधीच तिथे बसली होती.

“मणी उन्हात ठेवलेत तुम्ही?” साहेब म्हणाले.

मी ताईकडे पाहिलं. ती साहेबांकडे पाहत होती. “सर, ती नवीन आहे,” ती म्हणाली. “चूक झाली तिच्याकडून. तिची नोकरी घालवू नका, मी तिला पुन्हा शिकवते.” आवाज इतका मऊ होता की क्षणभर मलाच वाटलं, ही माझीच बाजू घेतेय.

मी म्हणाले, “सर, कुपी मी उघडलीच नव्हती.”

साहेब चिडले. “त्या तुमच्यासाठी रदबदली करताहेत आणि तुम्ही त्यांच्यावरच ढकलताय?”

मला यंत्रावरून काढून, आलेले नमुने नोंदवून घ्यायच्या खोलीत बसवलं. संध्याकाळी मी तिला स्कूटरपाशी गाठलं. “ताई, असं का केलंस?”

ती किल्ली फिरवत राहिली. “तुला नवीन म्हणून माफ करतील. मला नसतं केलं. नोकरी राहिली ना तुझी? बस मागे.”

मी बसले नाही. कुंभवलीपर्यंत चालत गेले, मग रिक्षा केली. शनिवारी घरी गेले तेव्हा आई म्हणाली, “तू काय चोरी केली नाय. मंग रडते कशाला? दुसरी जागा बघ.” पण मला नोकरीचं रडू नव्हतं. मला आठवत होता तो खांद्यावरचा हात. तो ठेवतानाच तिचं ठरलं होतं की नंतर ठरलं, हे मला आजही माहीत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत मी पालघरला एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागले. इथे ते यंत्र नाही. रक्त काढायचं, साध्या तपासण्या करायच्या.

गेल्या हिवाळ्यात ताई इथे आली, सोबत म्हातारी आई. आता आई तिच्याकडेच राहते म्हणे. दोघी समोर बसल्या. ताईने माझं नाव घेतलं मात्र, आईचा चेहरा फुलला.

“तूच का ती? ही सांगते ना मला नेहमी. तुझी नोकरी जात होती, हिने वाचवली. अशी माणसं कुठे मिळतात गं हल्ली?”

ताई भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होती. तिने आईला थांबवलं नाही. म्हणजे त्या केबिनमधलं खोटं तिने घरीही नेलं होतं, आणि तिथे ते चांगलं नांदत होतं.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण म्हातारीने बाही वर करून हात पुढे केला होता. मी पट्टा बांधला, शीर शोधली आणि म्हणाले, “आजी, मूठ घट्ट आवळा. थोडंसं टोचेल.”

त्या गेल्यावर मी नळीवर नाव लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.