ड्रायरच्या मागची वीतभर जागा

मी आमचं सावदा गाव सोडून कॅनडाला निघाले तेव्हा भुसावळच्या फलाटावर आईनं माझ्या हातात एक बोचकं दिलं. मे महिन्यातली दुपार होती, आणि बाकड्यावर बसायची सोय नव्हती, चटका बसायचा. बोचक्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे उन्हात वाळवलेले पापड, होते. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बॅगा सीटखाली सरकवल्या आणि पाण्याची बाटली भरायला ते नळावर गेले. आई खिडकीचे गज धरून उभी होती. गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा तिनं विचारलं, "तिथं ऊन पडतं का व?" मला हसूच आलं. म्हटलं, आई, ऊन कुठं पडत नाही?

कॅनडात आल्यावर कळलं की ऊन पडतं, पण त्याचा उपयोग नसतो. जानेवारीत खिडकीतून असं लख्ख ऊन येतं की वाटतं, चला, गच्चीवर दोन गोधड्या टाकाव्या. दार उघडलं की नाक गोठतं. आणि मुळात गच्ची नाही. बाहेर दोरी बांधायला आमच्या वसाहतीत परवानगी नाही, म्हणे शोभा जाते. मग कपडे वाळवायचं यंत्र, ड्रायर, प्रत्येक घरात. पहिल्यांदा तो लावला तेव्हा मी कपडे सोडून त्याच्या मागेच लागले. मागून एक जाड नळी भिंतीत गेली होती. ती कुठं निघते बघायला चपला घालून बर्फात पळाले. बाहेरच्या भिंतीवर एक छोटी झडप फडफडत होती आणि तिच्यातून वाफेचे लोट. रात्री फोनवर नानांना सांगितलं, तर केळीच्या बागेत आयुष्य गेलेला माझा बाप पहिला प्रश्न काय विचारतो? "कपड्याचं पाणी जातं कुठी?" ही चौकस खोड मला कोणाकडून आली ते सांगायला नको.

अक्का, हे सगळं तुला माहीत आहे, पण तुझ्याबरोबर बाकीचेही वाचतील. सावद्यात राहिलेले, आणि माझ्यासारखे निघून आलेले. तू भुसावळहून दर रविवारी फोनवर एकच विचारायचीस, "आई रमली का गं तिथं?" त्याचं उत्तर एका वाक्यात देणं मला कधी जमलं नाही. म्हणून हे लांबण.

नाना गेले आणि आई सावद्याच्या घरात एकटी राहायला लागली. तुझ्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती यायला तयार नव्हती, माझ्याकडे तर नाहीच. "लेकीच्या दारी किती दिवस राहावं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आपल्याकडे अजून म्हातारी माणसं लेकीच्या घरी जेवताना अवघडतात, मग राहायचं तर सोडाच. गेल्या दिवाळीनंतर आपण दोघींनी मिळून तिला कशीबशी तयार केली. तिनं अट घातली की एक हिवाळा बघीन. जमलं तर पुढचं बोलू, नाही तर मला सावद्याला सोडायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मी हो म्हटलं खरं. एकटीनं त्या घरात तिनं राहायचं म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आमचं घर उभं आणि अरुंद. खालच्या मजल्यावर एकच खोली, ती आईला दिली. पण त्याच खोलीच्या कोनाड्यात वॉशिंग मशीन आणि ड्रायर. ड्रायरच्या मागे नळी वळायला जागा लागते, म्हणून तो भिंतीपासून चांगला वीतभर पुढे आलेला. त्यामुळे कोनाड्याचं घडीचं दार लागायचं नाही, आणि दार अर्धवट पुढे आलं की पलंग आणि त्याच्यामधून आईला आडवं होऊन जावं लागायचं. आम्ही कपडे लावायला खाली गेलो की ती लगेच उठून उभी राहायची, परक्याच्या घरी उभं राहतात तशी. ते बघून मला रडू यायचं आणि राग पण यायचा. तुझंच घर आहे ना बाई, बस ना!

माझा नवरा किशोर. धुळ्याकडचा गडी, बोलणं कमी आणि जोर जास्त. एका शनिवारी त्यानं ड्रायरला खांदा लावला आणि ढकलून थेट भिंतीला भिडवला. "व्हई गयं," म्हणाला, म्हणजे झालं काम. दार लागलं, वाट मोकळी झाली, आम्ही खूश. दुसऱ्या दिवसापासून कपडे वाळेनात. एकदा लावा, ओले. परत लावा, दमट. किशोर म्हणाला, यंत्र म्हातारं झालं. मी म्हटलं, माझ्यासारखंच. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये त्या बिचाऱ्या नळीचं काय झालं असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

इकडे आईचं डोकं वेगळ्याच दिशेला चाललं होतं. ज्या बाईनं जन्मभर ऊन झेललं, जिच्या गावात उन्हाळ्यात कपडा दोरीवर टाकून मागे वळेस्तोवर वाळतो, तिला इथं दोन स्वेटर घालूनही थंडी वाजायची. आणि तिच्या डोळ्यांदेखत हे घर गरम हवा नळीनं बाहेर बर्फात सोडत होतं! "इतकी गरमी फुकट जाते व," असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी कामावरून आले आणि खालून वेगळाच वास. ओल्या कपड्यांचा आणि शिजलेल्या ज्वारीचा. खोलीचं दार उघडलं तर समोर धुकं. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ, भिंती ओल्या, आणि पलंगावर ओलं लुगडं अंथरून त्यावर ओळीनं थापलेले बिबडे! आईनं गुजराती दुकानातून आणलेली ज्वारी भिजवून, वाटून, तिचा घाटा शिजवला होता. ड्रायर पुढे ओढून, नळीचं तोंड हातानं सोडवून बिबड्यांकडे वळवलं होतं. साठी ओलांडली तरी केळीचे घड उचललेले हात ते, त्यांना ड्रायर काय जड? फक्त एवढंच की बिबडे वाळले नव्हते. गिळगिळीत झाले होते, आणि त्यांच्यावर कपड्यांतून निघालेली राखाडी लव बसली होती, कापसाच्या जिनिंगमधल्या माणसाच्या डोक्यावर बसते तशी.

आई कोपऱ्यात बसली होती. मी ओरडणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि तिच्याशेजारी जाऊन टेकले. "माझ्या हातचं बिबडं आजवर बिघडलं नही," ती म्हणाली. आणि पुढे, "मले सावद्याले सोड बाई. इथं माझ्यानं काहीच होत नही." झालं! एका हिवाळ्याची मुदत, आणि अर्ध्यातच निकाल लागला.

मला त्या वेळी समजूत काढायला हवी होती, पण आपल्या घराण्याची खोड. मी विचारलं, "आई, पण हवा तर कढत होती. मग वाळले का नाहीत?" ती डोळे पुसता पुसता थांबली. खरंच की! सावद्याचं ऊनही कढत, ही हवाही कढत. तिथं वाळतं, इथं भिजतं. असं कसं? तेवढ्यात किशोर आला. त्यानं खोलीकडे बघून कपाळावर हात मारला. "आई, ती निसती हवा नई शे, बठ्ठी वाफ शे!" नुसती हवा नाही, सगळी वाफच, हे आईला पटेना. मग मी स्वयंपाकघरातून स्टीलची गार थाळी आणली आणि ड्रायर चालू करून नळीच्या तोंडासमोर धरली. थाळी धुरकटली आणि थेंब गळायला लागले. आईनं बोटानं थेंब पुसला, बोट बघितलं, आणि अचानक हसायला लागली. "माय व माय! म्हणजे तुमच्या कपड्याचं पाणी मी माझ्या बिबड्याले पाजलं!" आम्ही तिघंही असे हसलो की विचारू नका. नानांच्या प्रश्नाचं उत्तर त्या थाळीवर होतं, फक्त ऐकायला नाना नव्हते.

किशोरनं त्यावर गंभीर होऊन एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते. आमचं यंत्र विजेवरचं, म्हणून निभावलं. गॅसवरचं असतं तर त्याच नळीतून विषारी वायू बाहेर जातो, तो खोलीत सोडला तर माणूस झोपेतच जायचा. तेव्हा कोणीही हा उद्योग करू नका, बिबड्यांसाठी तर नाहीच.

मग नळी तपासली. चंदेरी पन्नीची, लवचीक. ड्रायर भिंतीला दाबला तेव्हा ती चेपून चपटी झाली होती आणि आत लव गच्च भरलेली. ही लव तापून पेट घेते, आगी लागतात. आई म्हणाली, "तुम्ही तर तिचा गयाच दाबला होता." गया म्हणजे गळा. कपडे का वाळत नव्हते ते आता कळलं. पण मग करायचं काय? यंत्र पुढे ओढलं तर आईची वाट बंद, मागे ढकललं तर नळीचा श्वास बंद.

शनिवारी तिघंही घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात गेलो. आईला घरी ठेवायचा विचार होता, ती ऐकेना, नानांचा मफलर गुंडाळून तयार. दुकानात आधी एक पेटी दिसली, घरातच ठेवायची, तिच्यात पाणी भरायचं आणि नळी तिच्यात सोडायची. स्वस्त आणि सुटसुटीत. आईनं हात लावून बघितलं आणि नाक मुरडलं. "पुन्हा वाफ घरातच? ठेव तिकडं." मग मिळाली ती चपटी नळी. पत्र्याची, चौकोनी, दोन बोटं जाडीची, आणि आगपेटीचा खण खोक्यातून सरकतो तशी एकात एक सरकून लांब-आखूड होणारी. यंत्र जवळजवळ भिंतीला टेकतं आणि हवेची वाट मोकळी राहते. नळी मावेल असा, भिंत फोडून आत बसवायचा डबाही होता, पण भिंत फोडायचा आमचा धीर नाही. आईनं घरून येताना सुतळी आणली होती, ड्रायरच्या तोंडापासून भिंतीच्या भोकापर्यंत मापून. किशोरनं टेपनं मापलं होतं ते तो घरी विसरून आला होता, हे सांगायला मला फार आवडतं.

बसवायला अख्खी संध्याकाळ गेली. सांध्यांना स्क्रू मारायचे नाहीत, टोकाला लव अडकते, असं दुकानदारानं बजावलं होतं. म्हणून पन्नीची चिकटपट्टी लावली. पट्टी आई कापून द्यायची, किशोर आडवा पडून लावायचा, आणि मी विजेरी धरून दोघांना सूचना द्यायचे, ज्या कोणी ऐकत नव्हतं. शेवटी ड्रायर मागे सरकवला, दार घडी होऊन लागलं. चालू केला तशी आई बाहेर पळाली. मी मागून गेले तर ती झडपेसमोर बर्फात उभी, तळहात वाफेत धरून. "कशी जोरात निघते बघ!" ती म्हणाली. तिला आत आणायला बराच वेळ लागला. त्या दिवशी कपडे पहिल्याच फेरीत खणखणीत वाळले.

आता तुम्हाला वाटेल, जागा झाली, आई रमली. मलाही तसंच वाटलं होतं. पलंग फिरवून लावला, मध्ये दोघी मांडी घालून बसू एवढी जमीन मोकळी झाली. त्या जमिनीवर आईनं शेजारच्या पंजाबी बाईला बसवलं, मग तिच्या सुनेला. भाषा येत नाही, पण हातवारे चालू. ज्वारीचा घाटा तेल-तिखट घालून वाटीत दिला तर दोघींनी बोटं चाटली. तरीही होळी जवळ आली तसं आईनं तिकिटाचं काढलं. सावद्यात बिबड्यांचे दिवस येतात, गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीनं जातात, आपली पाळी चुकवायची नसते. मनात म्हटलं, संपलं. आता विषय काढायचा नाही, शब्द दिलाय.

निघायच्या आदल्या सकाळी मी तिची बॅग भरत होते. तिच्या रोजच्या दोन सुती साड्या ड्रायरमधून काढल्या, घडी केली आणि बॅगेत ठेवायला गेले. तिनं माझ्या हातातून घेतल्या आणि कोनाड्याशेजारच्या कपाटात ठेवून दिल्या.

"आई, विसरतील ना इथं."

"विसरायचं काय त्यात? दिवाळीले आल्यावर लागतील मले."

लेकीच्या दारी किती दिवस म्हणणारी ही बाई! तोंडातून निघून गेलं, "मग ते सावदा? तुझं घर?"

"तुझा लग्नाआधीचा निळा ड्रेस अजून सावद्याच्या माझ्या कपाटात आहे," आई म्हणाली. "दरवर्षी ऊन दाखवते त्याले. तुले कधी म्हटलं का, तुझं घर तिकडं आहे, घेऊन जा म्हणून?"

मी बॅग तशीच उघडी टाकली, तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. अक्का, आता विचार कुठलं घर कोणाचं ते. आमचे दोघींचेही कपडे दोन्हीकडे आहेत.