माझी लॉगमधली एक ओळ

मुलांनो, तुम्ही दोघंही तिकडे प्रोग्रॅम लिहिता, म्हणून हे तुम्हांला सांगते. आठवलं की अजून शिसारी येते.

सप्तापूरच्या आमच्या गल्लीत एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याचा प्रोग्रॅम आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीनं लिहिला होता. त्यात कोडचे वेगवेगळे क्लास: रुग्णांचा एक, औषधांचा एक, डॉक्टरांकडे जायच्या नंबरांच्या पाळ्यांचा एक. अधूनमधून एखाद्या रुग्णाचा नंबरच यादीतून गायब व्हायचा आणि कारण कळेना. तिनं मला कोड दाखवला. जागोजागी पडद्यावर उमटवायचे प्रिंट: "बंतु", म्हणजे कानडीत आलं, "इथवर ठीक", "आता तरी चाल, माझ्या आई". गचाळपणा नुसता.

"हे काय गं? याला लॉगिंग म्हणतात?"

"चालतंय की, आजी! तुमच्या काळात तर कार्डांना भोकं पाडत होता म्हणे."

कॉलेजात मी वर्षानुवर्षं प्रोग्रॅमिंगच शिकवलं होतं. ठाण मांडून बसले. सगळे प्रिंट काढले, प्रत्येक क्लासला नोंदी लिहिणारा स्वतःचा लॉगर दिला. वेळ, क्लासचं नाव, काय घडलं, सगळं एका रांगेत. अर्धवट नोंद मला खपत नाही, म्हणून रुग्णाचे सगळेच तपशील ओळीत घेतले: नाव, आजार, औषध. दोन दिवसांत चूक सापडली. एकाच नावाचे दोन रुग्ण आले की दुसऱ्याची पाळी पहिल्याच्या नोंदीवर जाऊन बसत होती.

दवाखान्याच्या कमिटीच्या बैठकीत मी ती लॉगची फाइल मोठ्या पडद्यावर मिरवली. ओळी सरकत होत्या. एक सभासद एक ओळ वाचायला पुढं वाकले.

"थांबवा अक्का, थांबवा. ही आमच्याकडं स्वयंपाकाला येते तीच ना? टीबी?"

"अय्यो, आमच्याकडंही तीच की!" शेजारच्या बाई म्हणाल्या. "सकाळीच तिच्या हातची भाकरी खाऊन आले!"

डॉक्टर सांगत होते, गोळ्या चालू आहेत, आता तिच्यापासून धोका नाही. बाईंनी नाकाला पदर लावला होता आणि पदराआडून त्या पुढची नावं वाचत होत्या.

आठवड्याभरात तिची स्वयंपाकाची तिन्ही कामं सुटली. त्या माणसांची किळस आली, पण ती ओळ माझी होती. त्या मुलीच्या "बंतु"नं कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

नाव आणि आजार काढून टाकले, जुन्या फाइली पुसल्या. मग लॅपटॉप घेऊन त्या स्वयंपाकाच्या बाईच्या केलगेरीतल्या घरी गेले. आमच्याकडे स्वयंपाकाला ये म्हटलं. तिनं हो म्हटलं नाही.

"त्या मशीनमध्ये माझं अजून काय काय लिहिलंय?"

कट्ट्यावर बसून मी तिची ओळ उघडली. रुग्णाचा क्रमांक, वेळ, औषध दिलं.

"परत वाचा."

परत वाचली. त्यात तिचं नाव नव्हतं, आजार नव्हता.

"उद्या येते. पण 'मागाहून खाते' म्हणून भाकरी झाकून ठेवायची नाही, अक्का. माझ्यासमोर बसून खायची."