परातीतली निवटी

ठाण्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि माझे एक सहशिक्षक सृष्टिविज्ञान. प्रत्येक वाक्याआधी ते क्षणभर थांबत, मग सावकाश बोलत. एका जातीच्या प्राण्यांपासून हळूहळू दुसरी जात उपजते, असे त्यांनी वर्गात सांगितल्याचे मला कळले. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. मुलांपुढे चूक कबूल करा, असा त्यांना हुकूम झाला.

कबुलीच्या दिवशी ते खाडीवरून परातीत चिखल आणि निवटी नावाचा जिवंत मासा घेऊन आले. ब्राह्मण मास्तरांजवळ मासा पाहून मुले हसली. मी दाराशीच होतो. निवटी पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालू लागली, तशी मुले पुढे वाकून पाहू लागली.

"शास्त्रीबुवा म्हणतात, ईश्वराने हिला चिखलासाठीच घडवली," ते म्हणाले. मग त्यांनी माझी बाजू अशी मांडली, की मलाही तशी साधली नसती. जरा थांबून म्हणाले, "मला वाटते, हिचे पूर्वज फक्त पाण्यात राहत. नीट पाहा, आणि आपापले ठरवा."

चूक त्यांनी कबूल केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार मागे घ्यायला गेलो. हेडमास्तरांनी एक राजीनामा माझ्यापुढे सरकवला.

"सकाळीच देऊन गेले. तुमच्याविषयी वावगा शब्द बोलले नाहीत, शास्त्रीबुवा."