साहेबांच्या बुटाची करकर

आधी चहा पिऊन घ्या. ह्यो किस्सा चालू असताना घोट घेतलेला माणूस मी नाकातून चहा काढताना बघितलाय, पुन्हा मला बोल लावू नका. आता इचारताच हाय तर सांगतो, निजामाच्या राज्यात तालुक्याच्या कचेरीत मी माझ्याच हातानं माझा बाजार कसा उठवला. अन् तोबी कशात, तर तीन वाट्या तेलात.

तवा मी बाविशीचा. गाव नांदूरघाट. कचेरीत चपराशी होतो, पण कच्चा. उमेदवार म्हणायचे आमाला. म्हंजे काम पक्क्या माणसाचं अन् नोकरी साहेबाच्या मर्जीवर. लग्न झालतं, पण बायको वडवणीला माहेरीच. सासरा लई खमक्या. म्हणला, "जावईबापू, पक्क्या नोकरीचा हुकूम दाखवा अन् पोरगी घेऊन जा. तवर सणावाराला या, पुरणपोळी खा, अन् माघारी जा."

दोन वर्सं मी नुसती पुरणपोळी खात होतो. बायको दाराआडून वाढायची, अन् मी ताटात बघून जेवायचो.

आमचे तहसीलदारसाहेब हैदराबादकडचे. माणूस बुटका, आवाज बारीक, पण पायातले बूट असे की काय सांगू तुमाला! तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, तिकडच्या कारागिराकडून माप देऊन शिवलेले. साहेब चालले की कर्र-कर्र, कर्र-कर्र. साहेब फाटकात असायचे, अन् आत पेशकार, म्हंजे आमचे वरचे कारकून, अंबादासराव यांची तपकिरीची डबी खिशात जायची. लेखण्या चालू व्हायच्या. भाईर ओट्यावर बसलेले कास्तकार उठून उभे ऱ्हायचे. मान वर करून बघायची गरजच न्हवती. करकर आली म्हंजे साहेब आले.

ह्या बुटांची देखभाल माझ्याकडं होती. बेस्तरवारी संध्याकाळी बंगल्यावरून बूट आणायचे. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, तवा दिवसभर त्यांची सेवा, अन् शनिवारी सकाळी साहेबाच्या पायात.

हे काम मला बाबूमियाँनी शिकवलं. बाबूमियाँ म्हंजे आमचे म्हातारे जमादार, सगळ्या चपराशांचे वरचे. ते म्हणायचे, "आधी धूळ झाड बे. मग ओलं फडकं फिरव अन् सावलीत वाळव. उन्हात ठिवलास तर कातडं तडकतंय. आत लाकडाचं कलबूत घाल, म्हंजे बूट पायासारखा उभा ऱ्हातो. मग बोटाला फडकं गुंडाळून पालिस, इत्तुसं. मग घोड्याच्या केसाचा बुरूस. अन् शेवटाला मऊ कापड, आपलं तोंड दिसंस्तोवर."

मी तसंच करायचो. तोंड दिसायचं. माझंच असल्यामुळं फार वेळ बघत न्हवतो.

एक दिवस काय झालं, साहेब मेजाखाली एक बूट काढून टाच चोळायलेत. मी पाणी घेऊन गेलतो, ते बघितलं अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बूट चावायलाय. अन् वरून करकरतोय. म्हंजे कातडं कोरडं पडलंय की.

आता तुमीच सांगा, आमच्याकडं नवी वहाण चावली तर काय करत्यात? तेल पाजत्यात. मोटेचं कातडं कडक झालं तर? तेल. गाडीचा आस कुरकुरला तर? तेलच. माझ्या आज्यानं सगळी हयात हेच केलं. मी मनात म्हणलं, साहेब एवढा शिकलेला, पण बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच न्हाई. आपण केलं तर खूश होईल, अन् खूश झाला तर आपला कागद पुढं सरकंल.

शुक्रवारी करडीचं तेल वाटीत घेऊन कोमट केलं. बूट उलटे धरून तळव्याला पाजलं. प्याले. दुसरी वाटी दिली. तीबी प्याले. तिसरी वाटी शिवणीतून अन् टाचेतून जिरवली. मग पुसून सावलीत ठिवले, वरून पालिस, बुरूस, कापड. बघणाऱ्याला वाटावं, कालच शिवून आले.

शनिवारी साहेबानं बूट घातले. उभे राहिले. पाय हलवून बघितला, अन् तोंड एकदम निवळलं.

"वाह. क्या नरम किया रे. शाबाश." अन् पेशकारांकडं वळून म्हणले, "लडका अच्छा है. इसका कागज बनाव, मैं दस्तखत करता."

माझा कागद! मी तवाच मनात बैल जुपले अन् वडवणीच्या वाटंला लागलो.

अन् त्याच दिवसापासून कचेरीत काय घुसलं कुणाला कळंना.

दुपारी अंबादासरावांचा डोळा लागलता. उघडून बघत्यात तर मेजापुढं साहेब. सोमवारी दोन कारकून दफ्तरावर शेंगा सोलत बसले होते. तिसरा हात शेंगा उचलायला आला म्हणून वर बघितलं, तर साहेब. मंगळवारी बाबूमियाँ कागदांच्या बस्त्यांना टेकून घोरत होते. त्यांच्या कानापाशी साहेब खाकरले, तर म्हातारा उठून भिंतीलाच सलाम करायला लागला.

कवा आले? कुठून आले? कुणालाच ठावं न्हाई. वरून कचेरीच्या ओट्यावरचा भुरा कुत्रा, जो कधी कुणाच्या मागं गेला न्हाई, तो साहेबाच्या बुटाला नाक लावून मागं मागं हिंडायला लागला.

"कुत्राबी फितूर झाला," बाबूमियाँ म्हणले.

पण गंमत ऐका. साहेबबी खूश न्हवतेच. दिवसेंदिवस तोंड वाकडं व्हायलं. आत आले तरी कुणी उठंना, भाईर गेले तरी कुणी बाजूला सरंना. एक मेंढपाळ अर्जी घेऊन पायरीवर बसलता, त्यो पाठमोऱ्यानंच साहेबाला म्हणला, "दादा, जरा पलीकडून जा की. साहेब यायचेत, त्यांची वाट बघायलोय."

साहेब आत आले ते लाल होऊन. "इस कचेरी में मेरा रोब किधर गया?" म्हणून इचारलं.  सगळ्यांनी लेखण्या दौतीत बुडवल्या.

म्हंजे साहेबाला वाटायचं, ही माणसं संगनमतानं माझा अपमान करायलीत. अन् आमाला वाटायचं, साहेब आमच्यावर टपून बसलेत. मधल्यामधी मी. माझं तर डोस्कं चालायचंच थांबलतं.

बुधवारी सकाळी अंबादासरावांनी सगळ्यांना गोळा केलं. "कुणीतरी चुगली करायलंय. आपण कवा सुस्त असतो ते साहेबाला आधीच कळतंय. आता इचार करा, साहेबाच्या बंगल्यावर जातं कोण?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"आईशप्पथ, मी बुटाशिवाय कशाला हात लावला न्हाई," मी म्हणलं.

अंबादासरावांनी माझा कागद काढला, दस्तखतीला जायचा तो, अन् शाईच्या दौतीखाली दाबून ठिवला. "चुगलखोराचा कागद मी पुढं धाडत नसतो. खरा चुगलखोर शोधून आण, मग बघू."

झालं. दौतीखाली माझी नोकरी, अन् तिच्या खाली माझी बायको. मी पाणी प्यायला गेलेल्या कारकुनाच्या मागं फिरलो. बाबूमियाँ नमाजाला गेले तर त्यांच्या मागं गेलो. कुत्र्यावरबी पाळत ठिवली. काई हाती लागंना.

दुपारी साहेब जेवायला गेले तवा बाबूमियाँना माझी दया आली. म्हणले, "आरं बे, असं येड्यावानी हिंडू नको. नीट आठव. आधी साहेब यायचे, तवा आपल्याला कसं कळायचं?"

"असं सांगून कळायचं न्हाई," मी म्हणलं. "करूनच दावतो."

अंबादासरावांची टोपी उचलून डोक्यावर ठिवली. छाती काढली, हात मागं बांधले, अन् दारापासून चालत निघालो. पायात तर काई न्हवतं, म्हणून तोंडानंच वाजवलं. "कर्र-कर्र, कर्र-कर्र." मेजापाशी थांबून बारीक आवाजात, "पेशकारसाब, ये क्या तमाशा है?"

कारकून लोळायला लागले. मला जोर चढला. पुन्हा फेरी मारली. ह्या खेपंला सगळे उठूनच उभे राहिले. म्हणलं, वा रे मी! नक्कल इतकी जमली व्हय? "बैठो, बैठो," मी साहेबाच्या आवाजात म्हणलं. कुणी बसंना.

तिसऱ्या फेरीला, अर्ध्या करकरीत, मी थांबलो. मी तर तोंडानं वाजवायलोय. मग साहेबाचं काय वाजतं? अन् ते ऐकून किती दिवस झाले? शनिवारपासून न्हाई. अन् शुक्रवारी मी काय केलतं?

मागं वळलो. साहेब माझ्या मागंच उभे होते.

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, मग आपल्या बुटांकडं. चार पावलं पुढं गेले. चार पावलं माघारी आले. मांजर गेल्याएवढाबी आवाज न्हाई.

"मेरे बूट की आवाज किधर गई?" साहेब एकदम रडवेले झालते. "इस आवाज के वास्ते मैं कारीगर के घर तीन बार गया था."

 मला गप बसता आलं असतं. पण खरं बोललो तर चुगलीचा आळ तरी जाईल म्हणून मी पुढं झालो, टोपी तशीच डोक्यावर ठिवून.

"हुजूर, तेलात गेली."

"कितना तेल?"

"तीन वाट्या. करडीचं."

साहेब खुर्चीत बसले.  मग माझा कागद मागवला. अंबादासरावांनी दौतीखालून काढून दिला, त्याच्यावर दौतीचा गोल डाग पडलता. मला वाटलं आता फाडत्यात. मनात वडवणीला रामराम घातला.

साहेबानं लेखणी बुडवली अन् दस्तखत केलं.

"पक्का किया. पर नए बूट आने तक ये आवाज तेरे जिम्मे."

मला वाटलं चेष्टा असंल. दुसऱ्या दिवशी कळलं, न्हवती. साहेब फाटकात आले की मी पुढं व्हायचं, अन् कचेरीभर तोंडानं वाजवत जायचं. कास्तकार उठायचे, लेखण्या चालू व्हायच्या, साहेबाचा रोब जाग्यावर आला. नवे बूट यायला आठ म्हैने लागले.

पंधरवड्यात सासरा आला. हुकूम निघाल्याचं त्याला कळलतं, म्हणून बैलगाडीत पोरगी बसवूनच आला. गाडी फाटकापाशी उभी केली अन् ओट्यावर चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, करकर आली की साहेब आले समजा, अन् वाकून सलाम करा.

करकर आली. सासऱ्यानं पागोटं नीट केलं अन् पार भुईपोत्तर वाकला. माझ्यापुढं.

मान वर केली तवा त्याचं तोंड उघडंच राहिलं. "जावईबापू? अन् हे काय काम हाय तुमचं?"

मला थांबता येईना. मागं साहेब. दोन करकरींच्या मधी जेवढं जमलं तेवढं बोललो.

"साहेब चालत्यात, मामा. कर्र. वाजतो मी."

गाडीकडं बघितलं तर बायकोनं तोंडात पदर कोंबलता अन् गाडीसकट हलायलीती. आली नांदायला. चाळीस वर्सं झाली त्याला. पण अजूनबी मी गुपचूप घरात शिरलो, की आतून इचारती, "कोण हाय ते? आमचे धनी तर वाजत येत्यात."