खोल पाण्याचे गुरुजी

समुद्रापासून दूर, नदीकाठच्या दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत धड स्कूटर वळत नाही, आणि तिथे राहून आमचे शेजारी, बँकवाले भाऊजी, समुद्राच्या गोष्टी करतात. दर हिवाळ्यात ते अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून येतात. यंदा त्यांना त्याहून खोलचं, टेक्निकल डायव्हिंगचं सर्टिफिकेट घ्यायचं होतं. कुणाकडून, हे काही ठरेना. मग रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते शिकवणाऱ्यांना फोन लावत. प्रश्न एकच, तोही मोठ्यानं: "आपने कभी किसी को लौटाया है?"

"हमारे यहाँ सब पास होते हैं," असं उत्तर आलं की फोन बंद.

"अहो भाऊजी, हे काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"वहिनी, आमचे वडील वेद शिकवायचे. एक स्वर चुकला की संथा पुन्हा पहिल्यापासून. तिथे चुकलं म्हणून कुणी मरत नव्हतं. इथे मरतात."

मला नेमकी तीच भीती वाटते. पण बोलायला गेलं की ते माशांचे फोटो काढून दाखवतात.

परवा मात्र लवंगलतांचा द्रोण घेऊन ते धावतच आले. "घ्या, तोंड गोड करा! गुरुजी मिळाले!"

"म्हणजे प्रवेश मिळाला?"

"छे! त्यांनी मला सगळं नीट विचारलं आणि म्हणाले, अभी आप तैयार नहीं हैं. एक साल और गोते लगाइए, फिर आइए."

भाऊजींचा चेहरा नुसता फुलला होता. मी एक लवंगलता खाल्ली आणि न विचारता दुसरीही उचलली. वर्षभर तरी त्या जास्त खोल पाण्याची माझी काळजी मिटली होती.