तारखेच्या आधी

हिशेबाचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. काळ्या पडद्यावर तो एकेक प्रश्न विचारतो आणि आपण उत्तर टाइप करायचं. घरी मी तो शंभरदा तपासला, कुठेच अडला नाही. उत्रोलीच्या दूध डेअरीत मात्र पहिल्यांदाच दुसऱ्याचा हात लागणार होता, आणि चेअरमन मागेच खुर्ची टाकून बसले होते.

इतकी वर्षं वही लिहिणारे म्हातारे कारकून पुढे आले. त्यांनी चष्मा पुसला, मग हातही पुसले. पडद्यावर प्रश्न आला, तारीख? ते एका बोटाने अक्षरं शोधत राहिले. तारखेला एवढा वेळ लागत नाही. त्यांनी एंटर दाबलं आणि प्रोग्रॅम बंद पडला.

त्यांनी 'श्री' लिहिलं होतं.

"अहो, तारीख विचारली होती," माझा आवाज चढला.

"व्हय, दिसलं की. पर श्री लिवल्याबिगर पान कसं सुरू करायचं?" ते शांतपणे म्हणाले. "तुमी त्याला लई प्रश्न शिकवलं, साहेब. नमस्कार घ्यायला न्हाई शिकवलं."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रोग्रॅम आता तारखेआधी एक रिकामी ओळ देतो. तिथे काय लिहिलंय, ते तो तपासत नाही.